अनुभव धागा: थंडीच्या तोंडावर तुमच्या बागेत काय फुललंय?

गणपती झाले की आमच्या न्यू जर्सीत सकाळचा गारवा सुरू होतो. दुकानांत भोपळे येतात, शेजारी बाग आवरायला घेतात. मला मात्र याच दिवसांतली बाग सगळ्यात प्रिय. डेलिया आत्ता कुठे ऐन भरात आलाय, झिनिया थांबायचं नाव घेत नाही. सकाळी लवकर बाहेर गेलं तर डेलियात बंबलबी (गुबगुबीत, केसाळ मधमाश्या) झोपलेल्या सापडतात. अंगावर दव, पाय पाकळीला घट्ट धरलेले. ऊन लागलं की आधी अंग थरथरतं, मग उडतात.

काळजी आहे ती झेंडूची. गेल्या वर्षीच्या तोरणातली फुलं सुकवून त्यांचंच बी मेमध्ये टाकलं होतं. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे दसरा थेट २० ऑक्टोबरला आलाय आणि आमच्या भागात ऑक्टोबरच्या मध्यानंतर फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, कधीही पडतो. तुमच्याकडे काय फुललंय आणि दसऱ्यापर्यंत काय टिकेल, जरूर लिहा.

मिनियापोलिस
ताई, इथे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पारा शून्याला टेकतो आणि झेंडू एका रात्रीत काळा पडतो. फ्रॉस्टचा अंदाज दिसला की आम्ही संध्याकाळीच वाफ्यावर जुन्या चादरी घालतो. चादर जमिनीपर्यंत टेकली पाहिजे, कारण ऊब मातीतून वर येते. प्लास्टिक नको, ते पानाला टेकतं तिथे पान करपतं. हलक्या फ्रॉस्टच्या रात्री अशा निघून जातात. कडाक्याची थंडी आली तर आदल्या दिवशीच सगळी फुलं उतरवून घ्यायची.

ॲस्टरला असलं काही लागत नाही. जांभळी न्यू इंग्लंड ॲस्टर आणि पिवळा गोल्डनरॉड शेजारी शेजारी लावलेत. सध्या त्यावर मोनार्क फुलपाखरं उतरतात. इथून मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत जायचं असतं त्यांना, आणि वाटेतला मध याच फुलांत मिळतो. गोल्डनरॉडने शिंका येतात म्हणून लोक तो उपटतात, ते बघून फार वाईट वाटतं. त्याचे परागकण जड आणि चिकट, वाऱ्यावर उडतच नाहीत. त्रास होतो तो त्याच वेळी फुलणाऱ्या रॅगवीड या तणाचा.

पुणे
आमच्या गच्चीत सध्या शेवंतीला मोहरीएवढ्या कळ्या दिसायला लागल्यात. या दिवसांतली फुलं म्हणजे उन्हाळ्याची उरलीसुरली, असं अनेकांना वाटू शकेल, म्हणून मुद्दाम लिहिते. शेवंती रात्र मोठी व्हायला लागली म्हणूनच फुलते. अंधार सलग मिळाला नाही तर कळी धरत नाही. गेल्या वर्षी कठड्याजवळच्या कुंड्यांवर रस्त्याचा दिवा पडत होता. त्या नुसत्या पानांनी माजल्या आणि टाकीमागच्या अंधारातल्या कुंड्या फुलांनी भरून गेल्या. माती तीच, खत तेच. शेतकरी हेच जाणून काम करतात: फुलं लांबवायची तर रात्री बल्ब लावतात, लवकर हवी तर काळं कापड घालतात.

ऑगस्ट संपला की शेंडे खुडणं बंद करा. कळ्यांवर मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, आणि नाहीच गेला तर कडुनिंबाचं तेल.

सावंतवाडी
आमच्याकडे पाऊस अजून आहे. गौरीला नेऊन उरलेला तेरडा बांधावर तसाच उभा. परड्यात सोनटक्का, सांजवेळी त्याचा वास ओटीपर्यंत येतो. चार वाजले की गुलबक्षी उघडते. आणि पहाटे प्राजक्त. फुलं मातीत पडू नयेत म्हणून आई झाडाखाली धुतलेलं लुगडं पसरते, देवाची परडी तिथेच भरते.

लंडनजवळ
जपानी ॲनिमोन आणि फ्यूशिया. फ्यूशिया तर ऑक्टोबरअखेरपर्यंत लोंबत असतो. झेंडूची पानं मात्र दरवर्षी गोगलगायी खातात.

टोरांटो
मोगऱ्याला अजून कळ्या आहेत. घरात कधी घ्यायचा?

न्यू जर्सी
रात्रीचं तापमान १० अंश सेल्सियसखाली जायच्या आत घ्या. हीटिंग सुरू व्हायच्या आधी आणलात तर त्याला कोरड्या हवेची सवय हळूहळू होते. पानांच्या मागची बाजू नीट धुवा, कोळी ही बारीक कीड तिथेच लपते.

मिनियापोलिसकर, चादरी काढून ठेवल्या आहेत! आणखी एक, डेलियावाल्यांसाठी. फ्रॉस्टने पानं काळी पडली की दांडा वीतभर ठेवून कापा, कंद काढा, सुकवा आणि लाकडाच्या भुशात, ४ ते १० अंशांच्या जागी ठेवा. पण नावाच्या चिठ्ठ्या आत्ताच, फूल झाडावर असतानाच दांड्याच्या बुडाशी बांधा. नंतर लाल कुठला आणि पांढरा कुठला, हे कंदावरून कळत नाही.