'बारीक आवाज' म्हणजे नक्की कोणता?

कसब्यातली सून

"बारीक आवाज" म्हणजे हळू आवाज की किनरा आवाज? आमच्या घरात यावरून गेल्या आठवड्यात रामायण झालं, म्हणून विचारते.

अण्णांना (माझे सासरे, वय 78) कान तपासायला नेलं होतं. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. तिथल्या मुलीने सांगितलं, "आजोबा, अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं हं." थोड्या वेळाने आलेख हातात आला तो विचित्रच. म्हातारपणी वरचे आवाज आधी जातात म्हणे. अण्णांचे ते गेले होतेच, पण खालचे, 500 आणि 250 हर्ट्झचे, तर पार गायब! मग चक्कर येते का, कान भरल्यासारखा वाटतो का, अशी चौकशी सुरू झाली. अण्णा शांतपणे म्हणाले, "ऐकू येत होते की. पण ते जाडे होते. तुम्ही बारीक म्हणालात."

आता यात चुकलं कोणाचं? "टीव्हीचा आवाज बारीक कर" हे आपण म्हणतो, आणि "मुलगा एवढा दांडगा पण आवाज बघ कसा बारीक" हेही म्हणतो.

डग्ग्यावरचा हात

अण्णांना साष्टांग नमस्कार. बरोबर तेच आहेत.

आम्हा तबलेवाल्यांत हा घोळ होत नाही, कारण बारीक हा शब्दच आम्ही वापरत नाही. वाद्य चढं (वरच्या सुरात) असतं किंवा ढालं (खालच्या सुरात). तबला चढवायचा तर कडेच्या गजऱ्यावर हातोडी, आवाज वाढवायचा तर थाप जोरात. दोन कामं, दोन शब्द. गोंधळ घालतात ते साउंडवाले. एका कार्यक्रमात मी म्हटलं, "तानपुरा जरा चढलाय." त्या पोराने तत्परतेने तानपुऱ्याच्या माइकचं बटण खाली ओढलं. तानपुरा चढलेलाच, फक्त आता ऐकूही येईना.

एक अवांतर. चढं-ढालं हे शब्द ताशाला नीट लागू होत नाहीत. ताशा तापवून कडक करतात, पण तो कुठल्या पट्टीत आहे ते सांगता येत नाही. नुसत्या ताणलेल्या पानातून (कातड्यातून) मूळ स्वराबरोबर जे उपस्वर निघतात, ते त्याच्या पूर्ण पटीत नसतात. तबल्याच्या शाईचं (मधल्या काळ्या गोलाचं) वजन त्यांना पटीत आणून बसवतं, म्हणून तबला सुरात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली यावर लिहिलं होतं.

मास्तर (निवृत्त, विज्ञान-गणित)

पाठ्यपुस्तकाने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. सेकंदाला किती कंपनं, त्यावर ध्वनीची तारता, म्हणजे चढेपणा, ठरतो. कंपनांचा आयाम किती, त्यावर तीव्रता, म्हणजे मोठेपणा. मुलीने "कमी तीव्रतेचा आवाज आला तरी" म्हणायला हवं होतं.

(असं म्हणणारी मुलगी मला अजून भेटलेली नाही, हेही नोंदवतो.)

पण खरं सांगू? हे शब्दही पुरते स्वच्छ नाहीत. वर्गात गाणं शिकणारी एक विद्यार्थिनी होती. तिने विचारलं, "सर, तीव्र मध्यम म्हणजे मोठ्याने गायचा का?" मी खडू हातात धरून तसाच उभा. तीव्र मध्यम शुद्ध मध्यमापेक्षा चढा. म्हणजे गाण्यातली तीव्रता ही विज्ञानातली तारता! तारता शब्द तार (वरच्या) सप्तकाच्या नात्यातला, ते ठीक. पण मंद्र म्हणजे खालचा आणि मंद म्हणजे हळू, आणि हे दोघे भाऊ शेजारीशेजारी राहतात.

आणि याला कारण आपला गळाच आहे. ओरडताना फुप्फुसातून येणाऱ्या हवेचा दाब वाढतो, स्वरतंतू ताणले जातात, त्यामुळे आवाज मोठाही होतो आणि चढतोही. भांडणात "आवाज चढला" म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ खरे असतात. कानही निःपक्षपाती नाही. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर, ती 3000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपसूक फुगवते. तेवढ्याच ताकदीची 100 हर्ट्झची घूं घूं आपल्याला कितीतरी क्षीण वाटते.

शनिपारचा वाचक

मोठ्या गप्पा चालल्यात. "हळू" विसरलात का? "हळू बोल" म्हणजे सावकाश की कुजबुजत? माझी आजी फोनवर "हळू बोल रे" म्हणायची, नातू आवाज खाली आणायचा, आणि आजीला काहीच कळायचं नाही. तिला सावकाश हवं होतं.

दोन कुत्र्यांचा पालक

मास्तर, पाठ्यपुस्तकावर माझा एक आक्षेप आहे. 20 ते 20,000 हर्ट्झ माणसाला ऐकू येतं, त्यावरचं ते "श्राव्यातीत", खालचं "अवश्राव्य". कोणाला श्राव्यातीत? कुत्र्याला 45,000 पर्यंत ऐकू येतं. माझ्याकडची शिट्टी मी फुंकतो तेव्हा मला फक्त फुस्स ऐकू येतं आणि दोघे जण जिन्यावरून धडधडत खाली येतात. वटवाघूळ तर त्याच्याही वरच्या पट्टीत ओरडून परतलेल्या प्रतिध्वनीवर किडे पकडतं. हत्ती 20 च्या खाली एकमेकांशी बोलतात. त्यांच्या लेखी आपण सगळे अर्धवट बहिरे.

उलट संस्कृतात सापाला "चक्षुःश्रवा" म्हणतात, डोळ्यांनी ऐकणारा. बाहेरून कान दिसत नाही, म्हणून काढलेली तोड. कात्रजच्या सर्पोद्यानात काचेला नाक लावून उभ्या असलेल्या पोरांना कोणी ना कोणी सांगतंच की सापाला ऐकूच येत नाही. तेही खरं नाही. कानाचा पडदा नसला तरी आतला कान असतो आणि तो जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो. जमिनीची थरथर आणि हवेतले खालचे आवाज त्याला पोचतात. पुंगीपुढे डोलतो तो मात्र पुंगीच्या हालचालीवर.

लोहगावकर

श्राव्यातीत आणि स्वनातीत यांत घोळ करू नका, वर्तमानपत्रांत नेहमी होतो. आमच्या डोक्यावरून सुखोई जातं, त्याला ध्वनीपेक्षा वेगाने उडता येतं म्हणून ते स्वनातीत. श्राव्यातीत मात्र अजिबातच नाही, खिडक्यांना विचारा.

शनिपारचा वाचक

बहिरेपणाचा विषय निघालाच आहे तर, "बहिरी ससाणा" बहिरा नसतो. तो "बहिरी" फारसीतून आला, अरबी "बह्र" म्हणजे समुद्र.

डग्ग्यावरचा हात

मूळ मुद्द्यावर येतो. रात्रभर विचार केला आणि मला वाटतं हे बारीक दोन वेगळ्या घरांतून आलेत. एक तारेचा बारीक. तार बारीक तसा स्वर चढा. तानपुऱ्याची खर्जाची तार सगळ्यात जाड असते. लहान वस्तूचा आवाजही असाच, उंदराचा चीं आणि म्हशीचा हंबरडा. दुसरा वातीचा बारीक. कंदिलाची वात बारीक कर, गॅस बारीक कर, तसाच रेडिओ बारीक कर. बटण फिरवून कमी करायचं ते सगळं बारीक. शब्दकोशाचा आधार माझ्याकडे नाही, कानाचा अंदाज.

कसब्यातली सून

तारेचा आणि वातीचा! हे मी अण्णांना वाचून दाखवलं (मोठ्याने आणि हळू, म्हणजे सावकाश). ते खूश झाले. एक सांगायचं राहिलं होतं, अण्णांचं सगळं आयुष्य तांबट आळीत मठारकामात (तांब्याची भांडी ठोकण्यात) गेलं. त्यांच्या हिशोबी लहानशा गडव्याचा ठोका बारीक आणि मोठ्या बंबाचा जाडा, मग तुम्ही कितीही हळू किंवा जोरात ठोका. मागच्या आवारात पिंपळावर तांबट पक्षी टुक्‌ टुक्‌ करत बसायचा, त्याला ते "आमचा उमेदवार" (शिकाऊ कारागीर) म्हणायचे. अलीकडे तो येत नाही अशी त्यांची तक्रार होती. येतो. मी रोज ऐकते, पण लांबून.

परवा पुन्हा तपासणी केली. या वेळी मुलीने सांगितलं, "आजोबा, बारीक, जाडा, जवळचा, लांबचा, कसलाही आवाज आला, अगदी आल्यासारखा वाटला तरी दाबा." आलेखाची डावी, खालच्या आवाजांची बाजू झकास वर आली, चक्करबिक्करचा विषय संपला. उजवीकडे मात्र 4000 हर्ट्झपाशी खोल खड्डा आणि 8000 ला रेघ जराशी वर. ठोकाठोकीत आयुष्य काढलेल्यांचा खड्डा बहुतेक तिथेच पडतो, असं तिने समजावलं. म्हणूनच त्यांना बोलणं ऐकू येतं पण स, श, फ निसटतात, आणि "साठ" म्हटलं तर "आठ" घेऊन येतात.

अण्णांनी चष्मा लावून कागद जवळ धरला, त्या खड्ड्यावर बोट ठेवलं आणि मुलीला म्हणाले, "ही आमची आळी."