मदत हवी आहे: वाचनालयाची यादी सभासदांच्या मोबाइलवर कशी न्यावी?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'तालुका ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे मी ११ वर्षं ग्रंथपाल आहे. साडेतेरा हजार ग्रंथ, चारशेच्या आसपास सभासद. कर्मचारी म्हणजे मी, एक लिपिक आणि अर्धवेळ शिपाई. संगणक एक आहे, इंटरनेट आहे. संचालक मंडळ म्हणतं, "ताई, आता सगळं ऑनलाइन करा." मलाही ते मनापासून करायचंय, पण कुठून सुरुवात करावी ते ठरत नाही.

लोक हल्ली दारातूनच विचारतात, अमुक पुस्तक आहे का? मी यादीत शोधते, सापडत नाही, माणूस परत जातो. आठवड्याने तेच पुस्तक मला कपाटात दिसतं. गेल्या महिन्यात दहावीतली एक मुलगी पाच किलोमीटर सायकल मारून आली होती. तिला 'नाही' म्हणून पाठवलं आणि पुस्तक होतं. ते अजून मनातून जात नाही.

ही यादी २००६ साली कोणाकडून तरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली आहे. आमच्या संगणकावर मराठी दिसतं, मोबाइलवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढून पाहिली, तर वेलांट्या आणि रफार भलतीकडेच गेले. त्यानंतर आलेले साडेचार हजार ग्रंथ तर फक्त दाखल नोंदवहीत (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात लिहितात त्या वहीत) आहेत, हाताने लिहिलेले.

शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपचं दुखणं आहे. लॉकडाउनमध्ये घरपोच पुस्तकं देण्यासाठी काढला होता, तेव्हा फार उपयोगी पडला. आता दिवसभर सुप्रभात आणि फॉरवर्ड. त्याहून वाईट म्हणजे ग्रुपमधून नंबर घेऊन कोणीतरी दोन महिला सभासदांना नको ते मेसेज पाठवले. दोघी ग्रुप सोडून गेल्या, एकीने सभासदत्वही बंद केलं. ग्रुप मी काढला होता, तेव्हा जबाबदारी माझीच. आणि काही सभासद त्यात नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ टाकतात. मी हटवते, ते पुन्हा टाकतात. त्यांना वाटतं, आपण वाचनालयालाच मदत करतोय.

प्रशिक्षणात 'ई-ग्रंथालय' आणि 'कोहा' ही वाचनालयाचं काम संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नावं ऐकली. आमच्याएवढ्या वाचनालयाला ते झेपेल का? कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, नाशिकला. आमच्याकडे कोहा चालतं. न्यूझीलंडमधल्या ग्रामीण भागातल्या एका वाचनालय-न्यासासाठी ते तयार झालं आणि २००० साली सुरू झालं, म्हणजे मुळात तुमच्या-आमच्यासारख्यांसाठीच बनलं. विकत घ्यावं लागत नाही. पण सर्व्हर लिनक्सवर लागतो, बॅकअप घ्यावा लागतो, आणि हे बघणारा माणूस कायम हाताशी हवा. आमचा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा तीन आठवडे देवघेव कागदावर करावी लागली होती. असा माणूस मिळेपर्यंत तुम्ही कोहाच्या वाटेला जाऊ नका.

गूगल शीटपासून सुरुवात करा. दाखल क्रमांक पहिल्या रकान्यात, मग ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) आणि कपाट क्रमांक. कपाट क्रमांक विसरू नका, तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे. पुढे कोहात जायचं झालं तर मार्कएडिट नावाच्या मोफत साधनाने याच शीटच्या 'मार्क' नोंदी (ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरला कळणाऱ्या ठरावीक साच्यातल्या नोंदी) करता येतात, केलेलं काम वाया जात नाही. बारकोड स्कॅन करून माहिती भरणाऱ्या ॲपच्या मागे फार लागू नका, जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन (बारकोडमधला पुस्तकाचा क्रमांक) नसतोच.

शीट 'फक्त पाहता येईल' अशी खुली ठेवा आणि तिचा क्यूआर कोड दारावर, एसटी स्टँडवर, शाळांत लावा. मात्र सभासदांची नावं, फोन आणि कोणाकडे कोणतं पुस्तक आहे ही माहिती त्या शीटमध्ये कधीही येऊ देऊ नका. तिची फाइल वेगळी. कोण काय वाचतं हे वाचक आणि वाचनालय यांच्यातच राहिलं पाहिजे.

प्रतिसाद २

वेलांट्या का पळतात ते सांगतो, मी बरीच वर्षं छापखान्यांच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मोबाइल-संगणकांवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणून देतोय. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलटं: 'सूर्य' मधला रफार जुन्या फाइलीत य च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये र् आधी येतो. त्यातून प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. म्हणून फाइलीत फॉन्टचं नेमकं नाव बघा आणि त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरा. आधी १०० ओळी करून तपासा, सगळी फाइल एकदम टाकू नका.

रूपांतर झाल्यावर खरं काम सुरू होतं. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक अखंड, दुसरं अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना सारखंच, शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. 'ऱ्या' मधल्या र चंही तसंच. 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडे एकच रूप करून टाका. लेखकांची नावंही तशीच: 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल.देशपांडे', 'देशपांडे पु. ल.' ही संगणकाला तीन माणसं वाटतात. आडनाव आधी, हा एकच नियम धरा.

आणि शेवटी 'शोध' नावाचा एक जादा रकाना ठेवा. लोक मोबाइलवर ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, बरेच जण रोमन अक्षरांतच मराठी लिहितात. त्या रकान्यात पुस्तकाचं नाव लोक जसं टाइप करतील तसं लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण तुमच्या त्या मुलीला पुस्तक याच रकान्यामुळे सापडलं असतं.

प्रतिसाद ३

ताई, ग्रुप आजच बंद करा आणि वाचनालयाचं व्हॉट्सॲप चॅनेल काढा. त्यात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि लिहिता फक्त तुम्हालाच येतं. ब्रॉडकास्ट यादीच्या भरवशावर राहू नका, ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. पुस्तकाची मागणी, मुदतवाढ यासाठी वाचनालयाच्या वेगळ्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्यात 'राखून ठेवलं', 'मुदत संपली' अशी लेबलं लावता येतात. आमच्याकडचे वयस्कर सभासद टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. तशी सवय लावा, फार सोपं जातं.

पीडीएफबद्दल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत नाही. हे दोनच दाखले सभासदांना सांगा, लगेच कळतं. नुसतं 'टाकू नका' म्हणून भागत नाही, बदल्यात काहीतरी द्या: मराठी विकिस्रोतावरची हक्कमुक्त पुस्तकं, मराठी विश्वकोशातल्या नोंदी. दर आठवड्याला एक दुवा आणि सोबत तुमच्या स्वतःच्या चार ओळी. लोक त्या चार ओळींसाठी वाट बघतात. ज्यांना दिसत नाही किंवा छापील वाचता येत नाही, त्यांच्यासाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथे नोंदणीला मदत करा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. चार दिवसांत जमलं ते सांगते. ग्रुप बंद केला, चॅनेल सुरू केलं. सभासदत्व सोडलेल्या ताईंना भेटून आले आणि माफी मागितली. त्या चॅनेलवर आल्या आहेत, सभासदत्वाचं विचार करून सांगते म्हणाल्या. फॉन्टचं नाव सापडलं. पहिल्या १०० ओळींत ९ चुका निघाल्या, बहुतेक जोडाक्षरांच्या. त्या मुलीला शाळेतून निरोप धाडला, पुस्तक तिच्या नावाने बाजूला ठेवलंय.

आता नोंदवहीतल्या साडेचार हजारांसाठी लिपिक दादा एकेक ओळ मोठ्याने वाचतात आणि मोबाइल ऐकून शीटमध्ये लिहितो. तासाला साठेक नोंदी होतात. पण आडनावं फार चुकतात, आणि दाखल क्रमांक कधी आकड्यांत पडतो तर कधी अक्षरांत. बोलून नोंदी करताना यावर कोणी काही तोडगा काढला आहे का?