मदत हवी आहे: काचेच्या कपाटातल्या सैनिकांवर पांढरी भुकटी येतेय

निखळ_कोथरूड:
नमस्कार मंडळी. आजोबांनी जमवलेले खेळण्यातले सैनिक मे महिन्यात माळ्यावरून काढले आणि सुताराकडून खास काचेचं कपाट करून घेतलं. इतकी वर्षं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापसात गुंडाळून होते, त्यांना काही झालं नव्हतं. आता गणपती झाल्यावर बघतो तर निम्म्यांवर पांढरी भुकटी. ब्रशने झटकली, आठ दिवसांत परत आली. काल एका घोडेस्वाराला उचललं तर घोड्याचा पाय हातात आला. ओल आहे हे उघड आहे, फक्त सिलिका जेल किती आणि कुठे ठेवायचं ते सांगा. रविवारी भाऊ येतोय, त्याच्या मुलांना दाखवायचेत. लवकर सांगा.

पेठेतली_मावशी:
दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतात ती चित्रं, मावळे वगैरे, म्हणतोयस का रे? शाडूची की प्लॅस्टरची? आमच्याकडे कुंभारवाड्यातून आणलेली तीस-चाळीस आहेत, माझ्या सासऱ्यांच्या वेळची. शाडूच्या चित्राला ओलं फडकं लावू नकोस, भाजलेलं नसतं ते, रंगासकट माती हाताला येते. मी एकेक मावळा जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवते. शिवाजी महाराज मात्र वर्षभर देवघराशेजारच्या फडताळात असतात.

तळजाई_रोज_सकाळी:
सिलिका जेलच. निळे खडे आण, दर खणात वाटीभर. ओल शोषली की गुलाबी होतात, मग कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सना सहा पावसाळे बुरशी नाही.

अनघा_प्रयोगशाळा:
निळे खडे स्वयंपाकाच्या कढईत अजिबात नकोत! त्यांना रंग येतो तो कोबाल्ट क्लोराइडमुळे. नारिंगी घ्या, ते ओलावले की हिरवे होतात. आणि गरम करायचं भांडं वेगळं ठेवा.

तळजाई_रोज_सकाळी:
कढई वेगळीच आहे हो ताई. सहा वर्षं वापरतोय.

पितळी_समई:
पांढरे डाग असतील तर चिंच-मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग राखेने घासा. आमच्या देवांवर सोन्यासारखी लकाकी येते.

पेठेतली_मावशी:
अगं, देव नाहीत ते. मातीचे असतील तर चिंचेच्या पाण्यात विरघळून जातील.

निखळ_कोथरूड:
मातीचे नाहीत! चित्रं नाहीत! सैनिक आहेत, लाल डगलेवाले, रंगवलेले. सिलिका जेलचं प्रमाण कुणी सांगेल का?

जुन्या_बाजाराचा_वारकरी:
आधी चार गोष्टी सांगा, त्याशिवाय कुणाचाही सल्ला वापरू नका. आकाराच्या मानाने सैनिक जड लागतात का? तळ कोऱ्या कागदावर हलकेच ओढला तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते का? कपाट कशाचं आहे? आणि दार उघडल्यावर वास येतो का?

निखळ_कोथरूड:
वासाचा काय संबंध? असो. जड आहेत, रेघ उमटली. खाली ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलंय. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, कॅम्पातून आणि जुन्या बाजारातून घ्यायचे. कपाट प्लायवूडचं, आतून सनमायका, काचा सिलिकॉनने बसवल्यात. उघडलं की अजून व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. सुतार म्हणाला जाईल हळूहळू.

जुन्या_बाजाराचा_वारकरी:
तोच वास खातोय त्यांना. सैनिक शिशाचे आहेत. प्लायवूडमधून आणि काही जातींच्या सिलिकॉनमधून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते, म्हणजे व्हिनेगरचंच आम्ल. सनमायका लावला तरी कापलेल्या कडा उघड्या राहतात. बंद कपाटात ती वाफ साठते, शिसं कुजतं आणि पांढरी भुकटी होते. रंगाला जिथे तडा असेल तिथून सुरुवात होते. घोड्याचा पाय बारीक, तो आतून पोखरला गेला. तुमच्या आजोबांचा पत्र्याचा डबाच बरोबर होता.

आणि हे आजच करा: ती भुकटी शिशाचीच आहे, विषारी आहे. ब्रशने झटकायची नाही, फुंकायची नाही. हातमोजे घालून सैनिक बाहेर काढा, खण ओल्या कागदी रुमालाने पुसा, रुमाल पिशवीत बांधून टाका, हात साबणाने धुवा. मुलांच्या हातात एकही सैनिक देऊ नका.

तळजाई_रोज_सकाळी:
पण ओल नसती तर हे झालंच नसतं. पुण्यात जून ते सप्टेंबर काय हवा असते ते आपण जाणतोच.

जुन्या_बाजाराचा_वारकरी:
ओलीने वेग वाढतो, मान्य. सिलिका जेलने तो थोडा मंदावेलही. पण आम्ल कपाटातच राहणार. माझे स्वतःचे अकरा सैनिक मी असेच घालवले, नव्या शोकेसमध्ये, जेलच्या पुड्या ठेवूनही. त्यातला एक बँडवाला होता, त्याच्या ढोलाची कड बोट लावताच पिठासारखी झाली. आता पावडर कोटिंगच्या लोखंडी कपाटात आहेत, काचेचं दार आहे, मागे जाळीची हवा आहे.

इतिहास_चहा_खारी:
हे ब्रिटन्स कंपनीचे असतील तर जपा. १८९३ साली त्यांनी पोकळ सैनिक ओतायची पद्धत काढली, शिसं कमी लागायचं म्हणून स्वस्त झाले आणि घरोघर गेले. १९६६ नंतर शिशाचे बंद झाले. माझ्याकडे त्यांचे हायलँडर, म्हणजे स्कॉटिश सैनिक, आहेत. विकायचा विचार असेल तर कळवा.

निखळ_कोथरूड:
विकायचे नाहीत.

मिनी_गाडीवान:
माझा अनुभव डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या छोट्या गाड्यांचा. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या, जीपचं प्लास्टिकचं छत चिकट झालं. ते करू नका. पश्चिमेच्या खिडकीसमोरही ठेवू नका, माझी लाल व्हॅन दोन उन्हाळ्यांत गुलाबी झाली.

निखळ_कोथरूड:
सगळे बाहेर काढले. बेचाळीसपैकी सतरा खराब आहेत. खराब वेगळे, चांगले वेगळे, प्रत्येक सैनिक कापसात आणि पुन्हा त्याच डब्यांत. डब्याच्या झाकणावर आजोबांच्या अक्षरात ‘घोडदळ’ लिहिलंय, इतके दिवस ते नीट वाचलंही नव्हतं. रविवारी मुलांना दुरून दाखवीन. जिथे भुकटी होती तिथला रंग गेलाय, तो पुन्हा देऊ का?

जुन्या_बाजाराचा_वारकरी:
देऊ नका. रंगाखाली कुजणं चालू राहिलं तर दिसणारही नाही. चांगल्या सैनिकांना मात्र दर महिन्याला बघत जा, आधी पाय आणि बंदुकीची टोकं.

पेठेतली_मावशी:
मुलं हिरमुसतील रे. कोथरूडातच जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे ने. आणि दिवाळीत किल्ला करायला लाव. चित्रं माझ्याकडून घेऊन जा, ती हाताळली तरी चालतात.