वडिलांची बेल्जियन दुनळी बंदूक घाईने विकली. परत मिळण्याचा काही मार्ग आहे का?

राजापूरकर

नमस्कार. 2020च्या फेब्रुवारीत मी वडिलांची बारा बोअरची बेल्जियन दुनळी विकली आणि त्याची बोच अजून गेलेली नाही. बंदूक मुळात आजोबांनी घेतलेली. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, निधनानंतर वारस या नात्याने ती आणि अण्णांनी पुढे घेतलेली देशी दुनळी अशा दोन्हींची नोंद 2017 मध्ये माझ्या परवान्यावर झाली.

2019च्या नोव्हेंबरअखेरीस शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले, तेव्हा त्यात एका परवानाधारकाला एकच शस्त्र ठेवता येईल अशी तरतूद होती. ती बातमी वाचून मी धास्तावलो. ज्या विक्रेत्याकडून आम्ही काडतुसे घेत असू, त्याने सांगितले की देशी बंदुकीचे सुटे भाग मिळतात, तेव्हा ती ठेवा आणि जुनी वेळेत विकून टाका. मी लगेच पोलीस ठाण्यात विक्रीची लेखी सूचना दिली. अशा सूचनेनंतर 45 दिवस थांबावे लागते. नेमक्या त्याच दिवसांत संसदेने मर्यादा एकाऐवजी दोन शस्त्रांची ठेवून विधेयक मंजूर केले आणि 14 डिसेंबरपासून ते लागूही झाले. माझ्याकडे दोनच बंदुका होत्या. थांबण्यासाठी कायद्याने मला दीड महिना दिला होता आणि त्या काळात मी एकदाही पुन्हा चौकशी केली नाही, आईलाही विचारले नाही.

अण्णा गेल्यावर घरात त्यांचा हात लागलेल्या वस्तू पुष्कळ उरल्या, पण त्यांच्या अंगाची खूण उरलेली तेवढी एकच होती. दस्त्यावर जिथे गाल टेकतो, तिथले पॉलिश आजोबांच्या आणि अण्णांच्या गालांनी उडून गेले होते आणि लाकूड काळपट, गुळगुळीत झाले होते. उजवा घोडा, म्हणजे बार काढण्याआधी मागे ओढायचा खटका, जरा घट्ट असल्यामुळे अण्णा तो अंगठ्याच्या टोकाने न ओढता तळहाताने मागे घेत. शिकार आमच्या घरात 1972च्या कायद्यानंतर बंद झाली. पुढे भात पोटरीला आले की रानडुकरांना पिटाळण्यासाठी रात्री हवेत एखादा बार काढला जाई, तेवढाच. प्रत्येक निवडणुकीला अण्णा ती गोणपाटात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात जमा करायला नेत आणि जमा केल्याची पावती जपून ठेवत.

ती बंदूक आज कोणाकडे आहे याचा शोध घेता येईल का, आणि लागलाच तर त्या गृहस्थांकडे ती परत मागणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_अव्वल_कारकून

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत मी काही वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. शोध लागू शकतो. बंदुकीची ओळख तिच्या क्रमांकावरून पटते आणि तो आपल्याकडे असणारच, कारण निवडणुकीच्या वेळी जमा केल्याच्या पावतीवर सहसा तो लिहिलेला असतो. परवानाधारक विक्रेत्याला प्रत्येक शस्त्र कोणाकडून आले आणि कोणाला गेले याची नोंदवही ठेवावी लागते. ज्यांच्यामार्फत बंदूक गेली त्यांच्याकडे आधी जा. शाखेकडे अर्ज केल्यास दुसऱ्या परवानाधारकाचे नाव आणि पत्ता आपल्याला मिळेल असे गृहीत धरू नका, आणि ते रास्तच आहे. कोणाच्या घरात शस्त्र आहे हे कोणालाही कळू नये. विक्रेत्याला मात्र आपले बंद पाकीट नव्या मालकाकडे पोहोचते करण्याची विनंती करता येते.

कायद्याची अडचण मला दिसत नाही. आपल्या परवान्यावर सध्या एकच शस्त्र असेल तर दुसऱ्याला जागा आहे. व्यवहार ठरण्याआधीच परवान्यात दुसऱ्या शस्त्राची मंजुरी घ्या, आणि समोरचे गृहस्थ तयार झाले तर त्यांनाही 45 दिवसांची सूचना द्यावी लागेल, हे त्यांना अगोदर सांगा. तोंडी बोलण्यावर बंदूक एका घरातून दुसऱ्या घरात हलवू नका, एका रात्रीपुरतीही नाही.

बाराबोअर

आपल्या बंदुकीचे घोडे बाहेर आहेत, म्हणजे ती बरीच जुन्या घडणीची असावी. नळ्यांवर पाण्यासारखी नागमोडी नक्षी होती का, ते आठवून पाहा. असेल तर त्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकमेकींना जोडून केलेल्या दमास्कस नळ्या आहेत. अशा नळ्या काळ्या दारूसाठी, म्हणजे बंदुकीच्या जुन्या, धूर करणाऱ्या दारूसाठी, घडवलेल्या असतात. आजच्या काडतुसांतील धूररहित दारूचा दाब त्यांना झेपेलच असे नाही. पूर्वी कोकणात अशा कितीतरी बंदुकांतून खडकीच्या कारखान्याची काडतुसे सर्रास उडवली गेली आणि बहुतेकदा काही झाले नाही, पण नळी फुटते तेव्हा ती डाव्या हाताशी फुटते. बंदूक परत आली तर चांगल्या कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका. बेल्जियन मालावर लिएज येथील चाचणीचा शिक्का असतो: लंबवर्तुळात ई, एल, जी ही रोमन अक्षरे आणि खाली तारा. खरी ओळख पटवायला तो उपयोगी पडेल.

किमतीविषयीही मनाची तयारी ठेवा. खासगी व्यक्तींसाठी परदेशी बंदुकांची आयात 1980च्या दशकात बंद झाल्यापासून जुन्या विलायती मालाला मागणी आहे, आणि आपल्याला मिळाली त्याहून बरीच जास्त रक्कम मागितली गेली तर त्यात फसवणूक मानू नये.

मेघना_देवगड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते, कारण आमच्या घरी अशीच दुसऱ्या कुटुंबाची बंदूक आहे. माझ्या सासऱ्यांनी ती तीस वर्षांपूर्वी घेतली. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी असून तिच्यावर मूळ मालकाच्या नावाची आद्याक्षरे आहेत, आणि मामंजींनी ती कधी काढू दिली नाही. दसऱ्याला शस्त्रपूजेत सासूबाई त्या पट्टीलाही हळदकुंकू लावतात. त्या घरातील कोणी पत्र लिहिले तर मला राग येणार नाही, उलट बरे वाटेल. तरीही बंदूक परत देऊ का, याचे उत्तर मला आज प्रामाणिकपणे नाही असेच द्यावे लागेल, कारण ती आता आमच्याही आठवणींची झाली आहे. त्यांनी दसऱ्याला यावे आणि ती हातात घेऊन पाहावी, एवढे मी आनंदाने करीन. आपण पत्रात थेट मागणी न करता आधी भेटीची विनंती करावी, असे मला वाटते.

राजापूरकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. पावत्यांचा जुडगा आईने फडक्यात बांधून ठेवला होता आणि त्यांतल्या बहुतेकांवर क्रमांक आहे. एका जुन्या छायाचित्रात अण्णा ओसरीवर बंदूक पुसत बसले आहेत; त्यात नळ्यांवरची नागमोडी रेघ स्पष्ट दिसते. बार काढण्यासाठी ती मला नकोच होती, त्यामुळे बाराबोअर यांची सूचना पूर्णपणे पाळीन.

विक्रेत्याने आज नोंदवही पाहिली. बंदूक आजरा तालुक्यातील एका शेतकऱ्याकडे आहे. नाव मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही, मात्र पाकीट पोहोचवण्याचे कबूल केले. मेघनाताईंनी सुचविल्याप्रमाणे पत्रात केवळ भेटीची विनंती केली आहे. पाकीट बंद करण्यापूर्वी आईला वाचून दाखवले. नळ्या साफ करण्याचा लाकडी गज विक्रीच्या वेळी चुकून आपल्याच घरी राहिला आहे, तो त्यांना हवा असेल, तेवढे लिही, असे ती म्हणाली. ती ओळ तिच्या शब्दांत शेवटी घातली आहे.