बाग सगळ्यांची, जमीन कौन्सिलची
"बाग सार्वजनिक आहे, मग पुरलेल्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर फिरवायची परवानगी कशाला?" असं एकाने विचारलंय. इंग्लंडपुरतं सांगतो. बाग सगळ्यांची असली तरी जमीन बहुधा कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, आणि दर कौन्सिलचा नियम वेगळा. संरक्षित स्मारकाच्या जागी तर १९७९च्या कायद्याने परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा, मग खणलं नसलं तरी.

परवानगी मिळाली की खरी परीक्षा हिरवळीची. तीन बाजूंनी काप देऊन गवताचा तुकडा झाकणासारखा उलटायचा, माती कापडावर काढायची, सगळी परत भरून पायाने दाबायची. कडक उन्हाळ्यात खणूच नका; ते झाकण पिवळं पडतं आणि पुढच्याची परवानगी जाते. सापडतात बहुतेक कोकच्या डब्यांच्या कड्या. त्याही खिशात घालून न्यायच्या, परत टाकायच्या नाहीत.

३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू (एकटं नाणं सोडून) मिळाली तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. डिटेक्टर भारतात गावी नेणार असाल तर १८७८चा निखात निधी (पुरलेल्या धनाचा) कायदा आधी वाचा. तिथे १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं!