गणित-विज्ञानाच्या मास्तरांची परीक्षा घ्या, पण कसली?

दिंडोरीचा मास्तर
सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आल्यापासून आमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) दुसरा विषयच नाही. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. टीईटी सक्तीची करणाऱ्या २०१० च्या अधिसूचनेआधी लागलेलेही त्यात आले. मी सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो, म्हणजे माझा पेपर दुसरा.

परीक्षेला माझा विरोध नाही. गणिताच्या मास्तराला गणित येतं का, हे कुणीतरी बघायलाच हवं. माझं भांडण या परीक्षेशी आहे. १५० प्रश्न, १५० मिनिटं, चार पर्याय, गोल रंगवा. त्यात गणित-विज्ञान मिळून ६० गुण, बाकी बालमानसशास्त्र आणि दोन भाषा.

प्रशियाने (जर्मनीतलं जुनं राज्य) १८१० मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी सरकारी परीक्षा लावली. लेखी, तोंडी आणि वर्गात पाठ. पुढे मोठा गणिती झालेल्या वायरस्ट्रासने ती १८४१ मध्ये दिली. विषय मागून घेतला तोही लंबवर्तुळी फलनांचा, आणि लिहायला कित्येक महिने मिळाले. नंतर त्याने शाळेत गणिताबरोबर सुलेखन आणि व्यायामसुद्धा शिकवला, ते सोडा. ग्रासमान या दुसऱ्या जर्मन गणितीने १८४० मध्ये अशाच परीक्षेसाठी भरती-ओहोटीवर प्रबंध लिहिला. आज आपण ज्याला सदिश (व्हेक्टर) म्हणतो त्याची सुरुवात त्यात आहे. आमच्याकडून असं काही मागा ना! पाच मोठे प्रश्न द्या, आणि अनोळखी शाळेत एक पाठ घ्यायला लावा.

कॉलेज रोड
सर, ग्रासमानचं अर्धंच सांगितलंत. परीक्षकांनी त्याला पास केलं, पण त्या प्रबंधात नवीन काय आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि तो जन्मभर शाळामास्तरच राहिला. मोठी उत्तरं लिहिणारे मिळतील हो, वाचणारे कुठून आणणार? बोर्डाचे पेपर तपासायला माणसं मिळत नाहीत.

सिडकोची ताई
मी टीईटी पास आहे. मग टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणीही दिली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरले, आणि अजून खासगी क्लासमध्ये सातवीच्या मुलांना समीकरणं शिकवते. त्यामुळे नोकरीत असलेल्यांचे हे उमाळे मला फारसे शिवत नाहीत. आम्ही जे दिलं ते तुम्ही द्या, एवढंच. चार पर्यायांत निदान ओळखपाळख चालत नाही. अनोळखी शाळेतला पाठ म्हणता, पण त्याला गुण देणारा तालुक्यातलाच ना? चहा आधी की पाठ आधी, हे काय आम्हाला ठाऊक नाही?

शालिमार
ताई, २०१९ ची टीईटी विसरलात? गोल रंगवूनच दिलेली परीक्षा होती, तरी नापासांना पास केल्याचं प्रकरण २०२१ मध्ये बाहेर आलं, आणि हजारो उमेदवारांवर कारवाई झाली. चोराला निबंध काय आणि गोल काय.

सिडकोची ताई
विसरेन कशी? त्याचा फटका आम्हालाच बसला. पण खोटे पास कोण, हे ठरवता कसं आलं? उत्तरपत्रिका आणि निकाल ताडून बघता आला म्हणून. तोंडी परीक्षेत कुणी काय ताडणार?

आडगावचे काका
आमच्या वडिलांच्या वेळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालं की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे. रुपये-आणे-पै, मण-शेर, त्रैराशिक, व्याज, सगळं तोंडी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घडाघडा. पाऊण भागिले अर्धा विचारा, 'दीड' तयार. आजचा पदवीधर कागद मागतो. आणि आपल्या देवळालीतच कापरेकर मास्तर होऊन गेले. १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं, पदवी फक्त बी.एस्सी. ६१७४ जगाला दिला. त्यांच्याकडे टीईटी होती का?

कॉलेज रोड
नाशिकच्या कुठल्याही चर्चेत कापरेकर यायचेच! काका, मलाही अभिमान आहे. पण चार अंक उतरते लिहून त्यातून चढते वजा करत ६१७४ ला पोचणं ही संशोधनाची गोष्ट झाली. त्यावरून इतर हजार बी.एस्सी. मास्तर कसे होते ते कळत नाही. आणि पाऊणकीचं म्हणाल तर 'दीड' येणं वेगळं, दीडच का हे सांगणं वेगळं. मुलगी विचारते, 'सर, पाऊणपेक्षा उत्तर मोठं कसं आलं? भागाकार केला ना?' तेव्हा पाऊण लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने किती वेळा भरेल, असं सांगणारा मास्तर हवा. फायनलवाल्यांच्या वर्गात असं विचारलं की काय मिळायचं, ते तुमच्या पाठीला आठवत असेल.

शालिमार
परीक्षेचा एवढा भरवसा धरू नका. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल १८५० मध्ये व्हिएन्नाच्या शिक्षक परीक्षेत नापास झाला, तेही निसर्गविज्ञानात! १८५६ मध्ये पुन्हा बसला, तेव्हाही जमलं नाही. तरी ब्रनोच्या शाळेत १८५४ पासून चौदा वर्षं बदली शिक्षक म्हणून शिकवत राहिला आणि आपल्या मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग केले. आपल्या नियमात त्याला दोन वर्षांत घरी पाठवला असता.

दिंडोरीचा मास्तर
मेंडेलचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. १८५० चे परीक्षक चुकले असं मला वाटत नाही. निसर्गविज्ञानाचं रीतसर विद्यापीठीय शिक्षण त्याला मिळालं नव्हतं आणि उत्तरपत्रिकेत ते दिसलं. पण पुढे काय झालं ते बघा. मठाने त्याला १८५१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवलं. तिथे डॉप्लरकडे भौतिकशास्त्र, एटिंग्सहाउझेनकडे गणित. वाटाणे मोजून गुणोत्तर काढायची नजर तिथली. नापास झाला म्हणून शिकायला मिळालं! आमच्या निकालात नापास झाल्यावर शिकायला पाठवण्याची ओळ कुठे आहे? सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळेतल्या मास्तराला कुणी सहा महिने पगारी रजा देऊन मुक्त विद्यापीठात पाठवणार आहे का? पाठवा, मग घ्या कसलीही परीक्षा.

आडगावचे काका
सहा महिने रजा दिल्यावर वर्गावर कोण?

दिंडोरीचा मास्तर
ताईंसारखे पास होऊन बसलेले आहेत की, काका.

सिडकोची ताई
म्हणजे पुन्हा बदलीवर, मानधनावर. मेंडेलच करा आमचा.

टाचणवही
डी.एड.च्या मुलांचे पाठ बघणं हे माझं काम, म्हणून जे समोर दिसतं ते सांगते. ठरलेला प्रयोग: बशीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उलटा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. छात्राध्यापक फळ्यावर लिहितो की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन. पाठटाचण नीटनेटकं, आवाज खणखणीत, फळालेखन सुंदर. आणि सांगितलेलं चूक! मेणबत्ती विझते तेव्हा आत ऑक्सिजन शिल्लक असतो. पाणी चढतं ते मुख्यतः तापलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून, आणि म्हणूनच ते विझताना एकदम चढतं. समोर घडलेलं कुणी बघतच नाही. हाच मुलगा टीईटीत 'हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण' या प्रश्नाला २१ टक्क्यांवर बिनचूक गोल करतो.

कॉलेज रोड
आणि पाठ बघणाऱ्याला ही चूक कळली नाही, तर पाठालाही पैकीच्या पैकी.

टाचणवही
होतं तसंही.

दिंडोरीचा मास्तर
मॅडम, मी वर्गात त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावतो. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढतं, आणि पोरं स्वतःच भांडायला लागतात. आता ताईंनी सांगावं, हे चार पर्यायांत कसं बसवणार?

सिडकोची ताई
बसवते की. 'त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्यास पाणी: (अ) कमी चढेल, (ब) तेवढेच चढेल, (क) जास्त चढेल, (ड) चढणारच नाही.' तुमच्या केंद्रातल्या गणित-विज्ञानवाल्यांना उद्याच विचारा, सर, आणि कितींनी (ब) केलं ते इथे लिहा.