मदत हवी आहे: आईसाठी गाडीच्या काचांना कोणती फिल्म लावावी? डाइड, कार्बन की सिरॅमिक?

वऱ्हाडकर
नमस्कार मंडळी. आम्ही अकोल्याचे. आईला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. ऊन लागलं की तिच्या चेहऱ्यावर, हातांवर चट्टे येतात आणि मग सांधे धरतात. दर महिन्याला तपासणीसाठी तिला नागपूरला न्यावं लागतं. गेल्या खेपेला परतताना डाव्या खिडकीशी बसली होती, काच पूर्ण बंद, एसी चालू, तरी घरी पोचेपर्यंत डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लाली आली. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की बंद काचेतूनही यूव्हीए (उन्हातले न दिसणारे अतिनील) किरण येतात, तेव्हा गाडीतसुद्धा लांब बाह्या आणि सनस्क्रीन हवंच, आणि जमल्यास काचांना फिल्म लावून घ्या.

म्हणून बाजारात चौकशी केली. एकाने साधी डाइड फिल्म साडेचार हजारांत सांगितली. दुसरा म्हणाला डाइड दोन वर्षांत जांभळी पडते, कार्बन घ्या, नऊ हजार. तिसऱ्याने सिरॅमिकचे अठ्ठावीस हजार सांगितले. त्याने दिव्यासमोर काच धरली, त्यामागे माझा हात ठेवायला लावला. खरंच काही जाणवलं नाही. ‘97 टक्के उष्णता अडते’ असं त्याचं म्हणणं.

गाडी साधी हॅचबॅक, पाच वर्षं जुनी. मला गाडी काळी करायची हौस नाही, पोलिसांशी वाद तर अजिबात नको. या तिघांत पैशाच्या मोलाचं काय, आणि आईच्या त्रासासाठी खरं उपयोगी काय, ते कळत नाहीये. ज्यांनी लावून घेतली आहे किंवा ज्यांचा हा धंदा आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

काचकाम
मी बरीच वर्षं फिल्म बसवण्याचंच काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी आईंचं. यूव्ही अडवण्यासाठी काळोखी लागत नाही. जवळजवळ पारदर्शक दिसणारी चांगली फिल्मसुद्धा 99 टक्के यूव्ही अडवते, कारण ते काम रंगाचं नसून फिल्मच्या थरात मिसळलेल्या यूव्ही शोषकाचं असतं. तेव्हा ‘गडद घ्या म्हणजे ऊन लागणार नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुसरं म्हणजे तुमची समोरची काच लॅमिनेटेड आहे, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली. तो पडदाच जवळपास सगळं यूव्ही खातो. दारांच्या काचा मात्र एकेरी टफन्ड (तापवून कडक केलेल्या) असतात आणि त्यांतून यूव्हीए बऱ्यापैकी आत येतं. आईंचा खिडकीकडचाच हात लाल झाला त्याचं कारण हेच.

आता प्रकार. डाइड म्हणजे रंगवलेली फिल्म. ती चकाकी कमी करते, उष्णता फारशी नाही, आणि आपल्या उन्हात रंग उडून जांभळट होते. त्यात चिकटद्रव्य हलकं असेल तर फुगे येतात. मेटलाइज्डमध्ये धातूचा अतिसूक्ष्म थर असतो. उष्णता बरी परतवते, पण बाहेरून आरशासारखी चमकते आणि मोबाइल, जीपीएसच्या सिग्नलला अडथळा करते. कार्बनचा रंग टिकतो, सिग्नलला त्रास नाही, उष्णतेला मध्यम. सिरॅमिकमध्ये धातूच्या ऑक्साइडचे नॅनो कण असतात. ते दिसणारा उजेड येऊ देतात आणि इन्फ्रारेड, म्हणजे उन्हातले न दिसणारे उष्ण किरण, बराचसा अडवतात. म्हणजे फिकट ठेवूनही उष्णता कमी करायची असेल तर सिरॅमिकच. कार्बनचा उष्णतेचा फायदा मुख्यतः गडद शेडमध्ये मिळतो आणि गडद शेड आपल्याकडे चालत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी नऊ हजारांच्या कार्बनला मला फारसा अर्थ दिसत नाही.

त्या 97 टक्क्यांबद्दल. उन्हातली ऊर्जा ढोबळ मानाने निम्मी इन्फ्रारेड, 44 टक्क्यांच्या आसपास दिसणारा उजेड आणि थोडी यूव्ही असते. समजा फिल्ममधून 70 टक्के उजेड आत येतो. मग 44 पैकी 31 भाग तर उजेडाच्या रूपानेच गाडीत आले, आणि सीटवर पडून त्यांचीही उष्णताच होते. उरलेलं सगळं इन्फ्रारेड अडवलं असं धरलं तरी 97 टक्के उष्णता अडणं शक्य नाही. तो आकडा इन्फ्रारेडचा असतो, तोही बहुतेक वेळा 950 नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात मोजलेला. आणि दुकानातला दिवा मुख्यतः इन्फ्रारेडच फेकतो, म्हणून त्यापुढे सिरॅमिक जादूसारखी वाटते. शिवाय शोषलेली उष्णता काचेत साठते आणि तिचा काही भाग नंतर आत येतोच. हात दोन मिनिटं तसाच ठेवून पाहायला हवा होता.

तुम्ही विचारायचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते तो. 70 च्या शेडमध्ये (70 टक्के उजेड आत येऊ देणाऱ्या) चांगल्या सिरॅमिकचा टीएसईआर 40 ते 50 च्या दरम्यान मिळाला तर उत्तम समजा. त्यातही साधी काच स्वतः काही उष्णता अडवतेच, तेव्हा फरक त्या काचेशी ताडून बघा, शून्याशी नको.

कायदा_पुणे
कायद्याचं लिहितो, कारण यात गैरसमज फार आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 100 सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका प्रकरणात म्हटलं की हे प्रमाण मूळ काचेचं आहे, वरून कोणत्याही टक्केवारीची फिल्म लावायची नाही. सूट ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांपुरती. आजारपणाचं प्रमाणपत्र दाखवलं की चालतं, हा समज त्यामुळे सोडून द्या.

पुढे नियमच बदलला. 1 एप्रिल 2021 पासून ‘सेफ्टी ग्लास’बरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ही मान्य झालं, म्हणजे आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काच, आयएस 2553 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की 70 आणि 50 चं प्रमाण पाळणाऱ्या, मानकात बसणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. म्हणजे बाजू तुमच्याकडे आहे, पण महाराष्ट्रात रस्त्यावर अजूनही 2012 चाच निकाल पुढे केला जातो. फिल्मचं बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र, बिल आणि काचेतून जाणारा उजेड मोजणाऱ्या मीटरच्या रीडिंगचा फोटो गाडीत ठेवा. वाद टाळणं हाच प्राधान्यक्रम असेल तर हे लक्षात घेऊनच निर्णय घ्या.

मनाली_ठाणे
मेटलाइज्डबद्दल दुजोरा. आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या काचेला तशी फिल्म होती. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जायचा नाही, मागे रांग आणि हॉर्न. टॅगपुरती फिल्म कापून काढली तेव्हा वाचायला लागला. स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नका.

आणि दादा, आईंना थंडीत गुंडाळल्यासारखं बसवू नका, पण पातळ सुती स्टोल मांडीवर आणि हातावर टाकायला द्या. माझ्या मावशीला हाच आजार आहे. फिल्म लावली तरी तिचे डॉक्टर सनस्क्रीन सोडू देत नाहीत.

वऱ्हाडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काचकाम यांनी लिहिल्यावर मीटर असलेलं दुकान शोधलं आणि आधी कोऱ्या काचा मोजून घेतल्या. दाराची काच 76, समोरची 78. म्हणजे कोऱ्या काचेतच एवढा उजेड अडतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दुकानदार म्हणतो समोर 85 ची सिरॅमिक आणि दारांना 70 ची लावू, सगळं नियमात बसेल. बरोबर आहे का?

काचकाम
दारांचं बरोबर, समोरचं चूक. दोन्ही आकडे गुणावे लागतात. दाराला 76 गुणिले 70 टक्के, म्हणजे 53. पन्नासच्या वर आहे. समोर 78 गुणिले 85 टक्के, म्हणजे 66. सत्तरच्या खाली गेलं. फिल्मच्या पाकिटावर 85 लिहिलंय म्हणून काच 85 होत नाही. समोरच्या काचेला यूव्हीसाठी गरज नाहीच, ती कोरी सोडा. पैसेही वाचतील, रात्रीच्या प्रवासात समोर स्वच्छ दिसेल आणि पोलिसांची नजर पहिल्यांदा जाते ती त्याच काचेवर. मागची काचही एकेरी असते, पण मागे बसलेल्या माणसाच्या अंगावर तिथून ऊन क्वचित येतं. तिला डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा असतील तर फिल्म पुढे काढताना त्या उखडतात. मी असतो तर फक्त चार दारं केली असती.

उष्णता कमी नको, नुसतं यूव्हीच हवं, असं असेल तर पारदर्शक यूव्ही फिल्म सिरॅमिकपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळते. पण अकोल्याचा मे महिना आणि आजारी माणूस बघता दारांना सिरॅमिकवर खर्च करावा असं माझं मत आहे. चार दारांचा भाव वेगळा मागा, अठ्ठावीस हजारांतला मोठा भाग पुढच्या-मागच्या मोठ्या काचांचा असतो. रोलवरचा अनुक्रमांक वॉरंटी कार्डावर लिहून घ्या. फिल्म काचेवर ठेवून ब्लेडने कापणारा कारागीर नको, त्याने काचेला चरे पडतात. दाराच्या स्विचवर कापड टाकून पाणी मारायला सांगा.

गाडी उभी असताना फिल्मचा फार भरवसा धरू नका. तासाभरात आतली हवा तापतेच. दवाखान्याबाहेर पार्किंगला समोर चंदेरी सनशेड लावलं तर आई बसतील तेव्हा सीट निदान पोळणार नाही.

कायदा_पुणे
एक सुचवतो. नागपूरहून अकोल्याला येताना तुम्ही पश्चिमेकडे चालता, म्हणजे डावी बाजू दक्षिणेची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडून असतो. त्या महिन्यांत येताना आईंना उजवीकडे बसवा आणि जाताना डावीकडे. याला खर्च काहीच नाही.

वऱ्हाडकर
हे आजपासूनच सुरू करतो. चार दारांचा सिरॅमिकचा भाव विचारला, साडेबारा हजार म्हणाला, टीएसईआर 44 लेखी देतो म्हणाला, बीआयएसच्या कागदाची प्रतही देणार आहे. आता एकच शंका: लावल्यावर काचा किती दिवस खाली करायच्या नाहीत? पुढच्या तपासणीला आठवडा आहे.

काचकाम
उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. आठवडा आहे तर उद्याच लावून घ्या. सुरुवातीला आत धुकट ठिपके दिसतील, ते पाण्याचे असतात, वाळले की जातात. बोटाने दाबू नका. महिन्यानंतरही राहिले तर दुकानात परत न्या. काच पुसायला अमोनियावाला क्लीनर वापरू नका, ओलं मऊ कापड पुरे.